तहान लागण्याआधीची विहीर



गेल्या वार्षिक सभेला जे हजर होते त्यांना आठवत असेल, की सगळ्यात जास्त वेळ कोणत्या विषयावर गेला. दिवाळीच्या कार्यक्रमावर नाही, मराठी शाळेवर नाही, तर स्टोरेजच्या भाड्यावर! मंडळाची मोठी पातेली, झारे, दोन शेगड्या, गणपतीचे मखर आणि रंगमंचाचा पडदा ठेवायला आपण जी जागा घेतली आहे, तिचे भाडे दर महिन्याला भरावे लागते. आपल्या तरुण खजिनदारांनी हिशोब मांडला. हे सामान वर्षातून तीनदा बाहेर निघते, उरलेले दिवस धूळ खाते. "ही शुद्ध उधळपट्टी आहे. विकून टाका, लागेल तेव्हा भाड्याने आणू." त्यावर मागच्या रांगेतले एक काका उठले आणि म्हणाले, "अहो, गणपतीच्या आठवड्यात या शहरातल्या सगळ्याच मंडळांना पातेली लागतात. तेव्हा तुम्हाला कोण देणार?"

दोघांचेही बरोबर होते, म्हणून निर्णय पुढे ढकलला गेला. घरी येताना मला वाटले, की आपल्या या छोट्या भांडणात ऑस्ट्रेलियाच्या गेल्या पन्नास वर्षांच्या राजकारणाचा एक मोठा वाद सामावला आहे. संपादकांनी "चार ओळी लिहा" म्हटले, त्याच्या चार पाने झाली. गोड मानून घ्यावे.

आपण इथे आल्यापासून दर निवडणुकीत ऐकतो, की सरकारी खात्यांमध्ये उधळमाधळ चालते, ती थांबवू. हा गजर जुना आहे. १९८१ साली पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी सर फिलिप लिंच यांच्या समितीकडून सरकारी कामांची छाननी करवली. त्या समितीला लोकांनी नाव दिले 'रेझर गँग', म्हणजे वस्तरा टोळी. १९८७ मध्ये बॉब हॉक यांनी केंद्राची २८ खाती एकत्र करून १८ वर आणली. १९९२ मध्ये आपल्या व्हिक्टोरियात जेफ केनेट आले. राज्य कर्जात बुडाले होते. तीनशेहून अधिक शाळा बंद झाल्या, वीज मंडळाचे तुकडे होऊन विकले गेले. केंद्रात १९९६ आणि २०१३ मध्ये खर्च तपासणीसाठी आयोग नेमले गेले. पक्ष कोणताही असो, वस्तरा प्रत्येकाने परजला. कॉमनवेल्थ बँक आणि क्वांटास विकायला काढणारे सरकार तर मजूर पक्षाचे होते.

या सगळ्याचा इतिहास सांगायला बसलो तर पुढचा अंकही पुरणार नाही. मी रसायनशास्त्राचा माणूस. म्हणून माझ्या गल्लीतल्या एकाच संस्थेची गोष्ट सांगतो. ती संस्था म्हणजे कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीज, सर्वांच्या तोंडी असलेली सीएसएल.

तिचा जन्म १९१६ सालचा, पहिल्या महायुद्धातला. तोपर्यंत लशी आणि सीरम बोटीने परदेशातून येत. युद्धात बोटींचा भरवसा राहिला नाही. या दूरच्या खंडाला औषध स्वतः करता आले पाहिजे, असे ठरवून केंद्र सरकारने मेलबर्नमध्ये ही प्रयोगशाळा काढली आणि ती लवकरच पार्कव्हिलला स्थिरावली. लगेच १९१८-१९ चा इन्फ्लुएंझा आला. तिने लशीचे सुमारे ३० लाख डोस तयार केले. (फ्लूचा विषाणू तेव्हा कोणाला माहीतच नव्हता, ती लस सोबत होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गावरची होती.) १९२३ मध्ये इथे इन्सुलिन होऊ लागले. १९४४ मध्ये पेनिसिलीन सैन्याबरोबर सामान्य नागरिकांनाही मिळू लागले, आणि असे करणारा ऑस्ट्रेलिया हा जगातला पहिला देश ठरला. १९५६ मध्ये पोलिओची लस आली.

आणि सापांचे काय? आपल्या गावाकडे ज्याला सर्पदंशाची लस म्हणतात, ते खरे तर प्रतिविष. सापाचे विष थोड्या थोड्या मात्रेने घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याला तोड देणारी द्रव्ये तयार होतात आणि ती वेगळी काढून शुद्ध करतात. टायगर स्नेकवरचे प्रतिविष इथे १९३० मध्ये तयार झाले. पण टायपॅन या भयंकर सापावर काही नव्हते. १९५० साली केविन बडन नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने केर्न्सजवळ जिवंत टायपॅन पकडला. पिशवीत घालताना तो त्याला चावला. त्याही स्थितीत त्याने साप मारू न देता संशोधनासाठी पाठवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो गेला. साप मेलबर्नला पोचला, त्याचे विष काढले गेले आणि १९५५ मध्ये टायपॅनचे प्रतिविष हाती आले. त्याच वर्षी केर्न्समधल्या एका लहान मुलाचा जीव त्याने वाचला.

आता हाच व्यवहार हिशोबनिसाच्या चष्म्यातून पाहा. घोडे पोसायचे, साप सांभाळायचे, दर थोड्या वर्षांनी नवा साठा करायचा. प्रतिविष देशभरच्या इस्पितळांत फ्रीजमध्ये ठेवायचे आणि त्यातल्या कितीतरी बाटल्या मुदत संपली म्हणून टाकून द्यायच्या. एवढ्या मोठ्या देशात सर्पदंशाचे मृत्यू वर्षाला दोन-चार. ताळेबंदात याच्याइतकी ठळक उधळपट्टी दुसरी सापडणार नाही! आणि तरीही, आपल्या सहलीत झुडपात चेंडू शोधायला गेलेल्या मुलाचे आईवडील आपण असलो, तर ती फ्रीजमधली बाटली आपल्याला उधळपट्टी वाटेल का?

पण म्हणून सरकारी संस्था म्हणजे देवघर, असे मी म्हणणार नाही. जानेवारी १९२८ मध्ये क्वीन्सलँडच्या बंडाबर्ग गावी घटसर्पाची लस टोचलेली १२ मुले दगावली. लस सीएसएलची होती. डॉ. चार्ल्स केलवे यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने शोधून काढले, की पुन्हा पुन्हा वापरायच्या बाटलीत जंतुनाशक घातलेले नव्हते आणि तिच्यात जंतू वाढले. पुढे १९६७ ते १९८५ या काळात मृतांच्या पिट्युटरी ग्रंथींपासून केलेले हार्मोन रुग्णांना दिले गेले. त्यांतल्या काहींना मेंदूचा असाध्य रोग होऊन ते गेले. त्याची चौकशी होऊन १९९४ मध्ये अहवाल आला. सरकारी शिक्का म्हणजे निर्दोषपणाची हमी नव्हे. उजेड पडला तो चौकशी झाली म्हणून, आणि ती उघड झाली म्हणून.

तर अशा या संस्थेचे १९९१ मध्ये कंपनीत रूपांतर झाले आणि १९९४ मध्ये कीटिंग सरकारने ती शेअर बाजारात विकली. शेअरची किंमत होती २ डॉलर ३० सेंट, आणि सरकारी तिजोरीत आले सुमारे ३० कोटी डॉलर. बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. नवीन औषधांच्या संशोधनाला पैसा लागतो, तो सरकार देत नव्हते, आणि खात्याच्या नियमांनी बांधलेली संस्था जगाच्या बाजारात उतरू शकत नव्हती. विकल्यानंतर तिने जे केले ते थक्क करणारे आहे. स्वित्झर्लंड, जर्मनी, अमेरिका इथले रक्तद्रव्याचे उद्योग तिने घेतले, आणि २०२० च्या सुरुवातीला काही काळ ती ऑस्ट्रेलियन शेअर बाजारातली सर्वात मोठी कंपनी होती. तिची किंमत तेव्हा १०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. खासगीकरणाचे समर्थक हे उदाहरण देतात आणि विरोधकही हेच देतात. एक म्हणतो, "बघा, कशी फुलली!" दुसरा म्हणतो, "बघा, केवढ्याला दिली!"

माझ्या मते दोघेही मुद्द्याला बगल देतात. खरा प्रश्न असा: १९१६ साली जी विहीर खणली, तिच्या पाण्याचे काय झाले?

उत्तर २०२१ मध्ये मिळाले. कोविडच्या लशीसाठी जग रांगेत उभे होते. मार्च २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाला येणारे अॅस्ट्राझेनेकाचे अडीच लाख डोस इटलीने रोखून धरले. बरोबर १९१६ ची भीती, फक्त बोटीच्या जागी विमान! आपल्या मंडळातल्या काकांचे वाक्य आठवा: गणपतीच्या आठवड्यात सगळ्यांनाच पातेली लागतात. त्याच महिन्यात सीएसएलच्या ब्रॉडमेडोजच्या कारखान्यात बनलेल्या डोसांना मंजुरी मिळाली. तो कारखाना मेलबर्नमध्ये होता म्हणून निभावले. आणि तो इथे राहिला याचे एक कारण असे, की विक्रीच्या कायद्यात संसदेने काही अटी घातल्या होत्या, कंपनीचे मुख्य कार्यालय ऑस्ट्रेलियातच ठेवण्याची अटही त्यात होती. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने या कंपनीच्या सिकिरस या शाखेशी सुमारे १ अब्ज डॉलरचा करार केला. कशासाठी? महामारीतल्या फ्लूची लस, क्यू-फीव्हरची लस आणि ऑस्ट्रेलियातल्या साप-कोळ्यांवरची प्रतिविषे यांचा पुरवठा पुढची अनेक वर्षे चालू राहावा म्हणून. कंपनी आपल्या खर्चाने टल्लामरीनला नवा कारखाना बांधणार, असे ठरले. म्हणजे विहीर विकली तरी पाण्याचे पैसे चुकले नाहीत. फक्त पूर्वी ते पगारपत्रकात दिसत, आता करारात दिसतात. आणि विहिरीचा मालक आपली सोय पाहणारच. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने मोठी नोकरकपात आणि सिकिरस वेगळी करण्याचा बेत जाहीर केला (पुढे तो लांबणीवर टाकला). त्यात गैर काही नाही, पण ते ठरवताना तुम्हाआम्हाला कोणी विचारत नाही.

आपल्या मुंबईत याच जातीची संस्था आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. तिथेही घोडे पाळून सर्पदंशाची लस केली गेली. १९७० च्या दशकात उत्पादनाचा भाग वेगळा काढून राज्य सरकारची कंपनी झाली. ती विकली नाही. पण २०१७ मध्ये सगळ्या सरकारी इस्पितळांच्या औषधखरेदीचे ओझे तिच्यावर टाकले, उशिराच्या तक्रारी सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये खरेदीसाठी वेगळे प्राधिकरण नेमावे लागले. न विकताही संस्थेचे मूळ काम बाजूला पडू शकते, ते असे.

एक स्वतःचा अनुभव सांगतो. डॉक्टरेट झाल्यावर मी काही काळ एका सरकारी प्रयोगशाळेत होतो. दर जूनमध्ये, आर्थिक वर्ष संपायच्या आत, "पैसे उरले तर पुढच्या वर्षी कापतील" म्हणून नको ती काचसामग्री मागवली जाई. खोकी अजून तशीच पडली असतील! त्याच प्रयोगशाळेत एक महागडे उपकरण वर्षातले बरेच दिवस रिकामे असे, कारण ते दूषित अन्न-पाण्याच्या तातडीच्या तपासणीसाठी राखलेले होते. सल्लागार आले, त्यांनी तास मोजले आणि उपकरण गेले. जूनची खरेदी मात्र चालूच राहिली. मीठ आणि साखर दोन्ही पांढरी. नुसते पाहून डबा ओतून देणाऱ्याने काय टाकले हे त्याला चहा पितानाच कळते.

म्हणून मला वाटते, की कोणताही सरकारी खर्च पाहिला की आपण दोन प्रश्न विचारावेत. पहिला: ही वस्तू पडून आहे, की वाट पाहत आहे? दुसरा: ती काढून टाकली, तर गरजेच्या दिवशी कोणाच्या दारात उभे राहायचे, आणि तो काय भाव सांगेल? पडून असलेले खुशाल काढावे. करदात्याच्या पैशाला ते चांगलेच. पण वाट पाहणाऱ्याला उधळपट्टी म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची तयारी. आपण इथे कर भरतो, बरेच जण मतही देतो. पुढच्या निवडणुकीत कोणी वस्तरा दाखवला, की टाळी वाजवण्याआधी किंवा नाक मुरडण्याआधी एवढे विचारायला हरकत नाही.

आता स्टोरेजचे. सभेनंतर खजिनदार आणि ते काका एका शनिवारी तिथे गेले आणि दोघांनी मिळून यादी केली. गळकी दोन पातेली, मोडका माईक-स्टँड आणि कोणाचा तरी जुना सोफा (मालकाने ओळख पटवून न्यावा!) निघाला. तेवढे काढल्यावर अर्ध्या आकाराची जागा पुरते, भाडेही कमी. मोठी पातेली राहिली आहेत. गणपतीला महाप्रसाद त्यातच होईल, तेव्हा सर्वांनी अवश्य यावे.

चूकभूल द्यावी घ्यावी. लोभ आहेच, तो वाढावा.