झोपेची उधारी

परवा रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलो, तर नातीच्या खोलीत दिवा. बारावीचं वर्ष! "झोप आता बाळा," म्हटलं, तर म्हणते, "आजोबा, तुम्हीच बाबांना सांगायचात ना, जागेल तो जिंकेल?" माझी बोलतीच बंद झाली.

खरं आहे. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि दहावीच्या मुलांसाठी रात्रीची अभ्यासिकाही चालवली. अर्जुनाला गुडाकेश म्हणतात, म्हणजे निद्रेला जिंकणारा, हे दर वर्षी न चुकता सांगायचो. त्या रात्री मनात आलं, झोप नाही मिळाली तर काय होतं हे माणसाला कळलं तरी कसं? तेव्हापासून तेच वाचतोय. मास्तर इतिहासाचा, त्यामुळे विज्ञानातही आधी सनावळी शोधतो!

सुरुवात 1894 ची. मारिया मनासेईना या रशियन डॉक्टर बाईंनी कुत्र्याची पिल्लं सतत जागी ठेवली. चार-पाच दिवसांत ती दगावली. उपाशी पिल्लंसुद्धा याहून कितीतरी जास्त दिवस तग धरतात! पण एक शंका उरलीच. पिल्लं झोपेवाचून गेली, की त्यांना सारखं उठवत राहण्याच्या छळानं? मंडळी, पुढची जवळजवळ शंभर वर्षं शास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झगडत होते.

जपानमध्ये 1909 साली इशिमोरी आणि फ्रान्समध्ये 1913 साली लजांद्र व पिएराँ यांनी निराळी वाट धरली. जागवलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतला द्रव त्यांनी ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला, तर तेही झोपले. म्हणजे जागरणात शरीरात काहीतरी साचत जातं.

मग 1964 मध्ये फ्रान्सच्या मिशेल झुवे यांच्या प्रयोगशाळेतली युक्ती आली. पाण्यात पालथी कुंडी ठेवायची, तिच्यावर मांजर बसवायचं. मांजराला साधी झोप बसल्या बसल्या लागते, पण स्वप्नांच्या झोपेत अंग सैल पडतं. तोल गेला की पाण्याचा स्पर्श आणि जाग! हीच पद्धत उंदरांवर वापरून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बिरेंद्रनाथ मलिक यांनी अनेक वर्षं संशोधन केलं. स्वप्नांची झोप तुटली की मेंदूत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वाढतं आणि पेशींचं काम बिघडतं, असं त्यांना आढळलं. त्यांच्या प्रयोगांत काही उंदरांना मोठा ओटा दिलेला असे. पाणी तेच, एकटेपणा तोच, पण अंग टाकून झोपायला जागा.

जुन्या शंकेला सगळ्यात चोख उत्तर दिलं शिकागोच्या अ‍ॅलन रेक्टशाफेन यांनी, 1983 मध्ये. पाण्यावर एक फिरती तबकडी, मध्ये भिंत, दोन बाजूंना दोन उंदीर. पहिल्याला डुलकी लागली की तबकडी फिरायची आणि दोघांनाही चालावं लागायचं. चाल दोघांची सारखीच. फरक इतकाच, की पहिला जागा असताना दुसऱ्याला झोप काढता यायची. पहिला उंदीर जास्त खाऊनही वाळत गेला, अंगावर जखमा झाल्या, शेवटी अंग गार पडू लागलं. पुढच्या प्रयोगांत असे उंदीर 11 ते 32 दिवसांत मेले. जोडीदार मात्र बऱ्यापैकी टिकले.

काही उंदरांना अगदी शेवटच्या टप्प्यावर झोपू दिलं, तर त्यातले बरेच सावरले! विशेष म्हणजे, शरीरानं तासाला तास मोजून उधारी वसूल केली नाही. आधी भरून काढली ती स्वप्नांची झोप.

2020 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की जागवलेल्या माश्यांच्या आणि उंदरांच्या आतड्यात ऑक्सिजनचे घातक रेणू साचतात. ते निष्प्रभ करणारं औषध दिल्यावर न झोपलेल्या माश्याही जवळपास पूर्ण आयुष्य जगल्या. (हे माश्यांपुरतं हं! गोळी घेऊन रात्रभर जागायचा बेत कुणी करू नये.)

हे वाचताना त्या मुक्या जिवांचं वाईट वाटतंच. आपल्याकडे आता 1960 चा कायदा आणि 1998 चे नियम आहेत, समितीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. पण मला जास्त टोचलं ते वेगळंच.

अभ्यासिकेत जवळच्या खेड्यातला एक मुलगा यायचा. पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या, दूध घालायचं, दिवसभर शाळा आणि रात्री माझ्यापुढे. सराव परीक्षेत तो पेपरावर डोकं टेकून झोपला. मी त्याला सगळ्यांसमोर उभं करून 'कुंभकर्ण' म्हटलं. वर्ग हसला. तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिकेला आला नाही. त्या तबकडीवर तो पहिला उंदीर होता, आणि तबकडी फिरवणारा मी. मला वाटायचं मी शिस्त लावतोय.

आपल्या कोल्हापुरात तालमीतल्या वस्तादाला हे न शिकता कळतं. पहाटे मेहनत करून घेतली, की दुपारी झोपलेल्या पैलवानाला तो उठवत नाही. मी बी. ए. होऊनही मला कळलं नाही.

नातीला सगळं सांगितलं. आता दिवा साडेदहाला बंद होतो. तो मुलगा आज पन्नाशीचा असेल. कुठं आहे ठाऊक नाही. भेटला तर माफी मागायची आहे.

असो. साडेदहा वाजलेच. मीही झोपतो.