६१७४ : देवळालीच्या शिक्षकाची संख्या

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचे काम १९०४ साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी कोकण किनाऱ्यावर, पण उत्तरेला डहाणू येथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते १९२९ साली पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा एक गुणधर्म मांडला.

तो असा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा व त्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करा. वेधशाळेचे १९०४ हे साल घेऊ :

९४१० − ०१४९ = ९२६१
९६२१ − १२६९ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

यापुढे दर वेळी ६१७४ च येते. १९४९ पासून निघालो तर सात वजाबाक्या कराव्या लागतात. सातांहून अधिक कोणत्याच संख्येला लागत नाहीत.

हे सर्व संख्यांबाबत खरे कशावरून? उदाहरणांचा ढीग म्हणजे सिद्धता नव्हे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी ९९९ (अ − ड) + ९० (ब − क) येते. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा ० पासून पहिल्याइतका. अशा जोड्या २ + ३ + … + १० = ५४ होतात. जवळजवळ दहा हजार संख्या पहिल्याच पायरीत ५४ उत्तरांत गोळा होतात! वर्गाने ही ५४ उत्तरे वाटून घेऊन तपासली की सिद्धता पूर्ण झाली. (९९९ आल्यास ०९९९ लिहावे.)

कापरेकरांपाशी पदव्युत्तर पदवी नव्हती आणि त्यांच्या कामाला अनेक गणितज्ञ नुसता अंकांचा खेळ समजत. त्या आक्षेपात तथ्य आहे : हा गुणधर्म दशमान लेखनाचा आहे. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन किंवा पाच अंकांना असे एकच मुक्कामाचे ठिकाण नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोचले. १९८६ साली ते निवर्तले.

खेळ म्हणून सुरुवात झाली तरी ‘असे का?’ हा प्रश्न आला की गणित सुरू होते, असे आम्हाला वाटते. तेव्हा विद्यार्थ्यांना एवढेच विचारा : दोन अंकी संख्या कोठे फिरत राहतात, आणि का?