महास्फोट कोणाच्या बाजूचा?

डॅन ब्राऊनची ‘एंजल्स अँड डीमन्स’ (२०००) वाचलेल्यांना विचारलं, तर दोन मतं ऐकू येतात. एक, रहस्यकथा हातातून सुटत नाही. दुसरं, धर्म आणि विज्ञान यांचं वैर त्यातून कळतं. पहिलं मलाही मान्य! दुसरं ऐकलं की माझ्यातला मास्तर जागा होतो.

कादंबरी गॅलिलिओला इल्युमिनाटीत बसवते. तो वारला १६४२ मध्ये. ती गुप्त संघटना बव्हेरियात निघाली १७७६ साली. १६३३ चा त्याच्यावरचा खटला मात्र खरा, त्यात चर्चची बाजू घेण्यासारखं काही नाही.

पण विश्वाला आरंभ होता, असं १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोपनी त्यात ईश्वरी निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचलं नाही. आणि महास्फोटाला विरोध कोणाचा? आपल्या जयंत नारळीकरांचा! दापोडीहून हॅरिस पूल ओलांडून विद्यापीठात गेलं की त्यांनी उभारलेली ‘आयुका’. १९९३ मध्ये त्यांनी हॉइल आणि बर्बिज यांच्यासह पर्यायी सिद्धांत मांडला. भांडण पुराव्यांचं होतं, देवाचं नव्हे. बहुतेक शास्त्रज्ञांना तो पर्याय पटला नाही, हेही सांगायला हवं.