नोकरीला ठेवलेली साळुंकी

शेतात औत चालू असलं की मागे साळुंक्या हमखास असतात. तासातून वर आलेला किडा दिसला की टिपलाच. तिच्या शास्त्रीय नावातल्या ‘अ‍ॅक्रिडोथेरीस’चा अर्थच मुळी टोळांची शिकार करणारा.

मॉरिशस तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं. लाल टोळ पिकं फस्त करत होते, म्हणून 1762 मध्ये भारतातून साळुंक्या बोटीने तिथे नेल्या. कीड मारायला एका देशातला जीव मुद्दाम दुसऱ्या देशात नेल्याच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ही एक. भारतीय मजुरांना उसाच्या मळ्यांत राबायला तिथे नेलं, ते त्यानंतर सत्तर वर्षांनी.

साळुंकीचं नाव झालं, मागणी वाढली. हवाईतला विल्यम हिलेब्रँड हा जर्मन डॉक्टर, झाडांचा मोठा शौकीन. 1865 मध्ये ऊसमळ्यांसाठी मजूर शोधायला तो आशियात फिरला आणि लष्करी अळीवर उपाय म्हणून साळुंक्याही हवाईत आणल्या. अळ्या तिने खाल्ल्याच. पण याच डॉक्टरने 1858 मध्ये शोभेसाठी एक झुडूप आणलं होतं: घाणेरी, आपल्या डोंगरांवर माजलेली तीच टणटणी. साळुंकी तिची काळी फळं खायची आणि विष्ठेतून बिया कुरणभर टाकायची. साळुंकीला फळं आवडतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही पेरूवाल्याने फुकटात सांगितलं असतं! पण तिला नोकरीला ठेवणाऱ्यांनी तिला फक्त औतामागे पाहिलं होतं. उरलेला दिवस ती काय करते, हे कुणी विचारलंच नाही.

मग घाणेरी मारायला 1902 मध्ये अल्बर्ट कोबेलेला मेक्सिकोला धाडलं. ऑस्ट्रेलियातून ढालकिडे आणून कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागा वाचवणारा हाच तो माणूस. त्याने घाणेरी खाणाऱ्या किड्यांच्या 23 जाती हवाईला पाठवल्या. त्यांतल्या मोजक्याच टिकल्या. कोरड्या भागात त्यांनी घाणेरीला थोडा आळा घातला, ओल्या भागात ती तशीच राहिली. म्हणजे अळीसाठी पक्षी, पक्ष्याने पसरवलेल्या झुडपासाठी पुन्हा अळी.

ऑस्ट्रेलियानेही 1862 पासून साळुंक्या आणल्या. 1883 मध्ये क्वीन्सलँडच्या उसातही सोडल्या. आता जगातल्या 100 उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत फक्त तीन पक्षी आहेत. त्यांतले दोन आपले: साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. कॅनबेरात लोक परसात पिंजरे लावून साळुंक्या पकडतात. तिथे तिला ‘इंडियन मैना’ म्हणतात.