भोवऱ्यांचे गणित आणि दिंद्रुडचा पाऊस

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. कापूस आणि सोयाबीनची पेरणी या भागात मोसमी पावसाच्या भरवशावर होते. हा पाऊस किती लहरी असतो, हे सांगताना जुनी माणसे म्हणतात, की बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते. एका शिवारात सरी आणि बांधापलीकडे धूळ, असे का घडते? महासंगणक हाताशी असतानाही ते गावनिहाय अचूक का सांगता येत नाही? या प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग भौतिकशास्त्रातील एका जुन्या, अद्याप न सुटलेल्या कोड्यात आहे. ते कोडे म्हणजे प्रक्षुब्ध प्रवाह.

सुरळीत आणि प्रक्षुब्ध

द्रव आणि वायू या दोहोंना मिळून शास्त्रीय मराठीत ‘द्रायू’ म्हणतात. नळाची तोटी किंचित उघडली तर पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी नितळ पडते. तीच पूर्ण उघडली, की धार खडबडीत होते आणि फुटते. पहिला प्रवाह स्तरीय, दुसरा प्रक्षुब्ध. १८८३ मध्ये मँचेस्टर येथील ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक रेघ सोडून हा बदल प्रयोगाने दाखविला. प्रवाहाचा वेग, नळीचा व्यास आणि द्रायूची श्यानता, म्हणजे चिकटपणा, यांच्या प्रमाणातून मिळणारी संख्या पुढे ‘रेनॉल्ड्स अंक’ म्हणून ओळखली गेली. नळीतील प्रवाहात हा अंक साधारणतः दोन हजारांच्या पुढे गेला, की रेघ विस्कटू लागते. आकाशातील ढगांसाठी तो कोट्यवधींच्या घरात असतो.

प्रक्षुब्ध प्रवाहात मोठे भोवरे फुटून लहान भोवरे होतात, त्यांतून आणखी लहान, आणि अखेरीस श्यानतेमुळे त्यांची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ लुईस रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये हे चित्र मांडले. रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये त्याला संख्याशास्त्रीय बैठक दिली. वातावरणात सर्वांत मोठे भोवरे किलोमीटरभर, तर सर्वांत लहान सुमारे एक मिलिमीटरचे असतात. खरी अडचण या अफाट अंतरात आहे.

प्रवाहाचे नियम मात्र ठाऊक आहेत. नेव्हिए आणि स्टोक्स यांची समीकरणे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाली. तथापि, त्रिमितीत त्यांची उत्तरे सदैव सुरळीत राहतात का, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली या प्रश्नासाठी जाहीर केलेले दहा लाख डॉलरचे पारितोषिक अजून कोणाला मिळालेले नाही.

काय मोजायचे, काय गृहीत धरायचे

कागदावर न सुटणारा प्रवाह प्रतिकृतीत पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ मध्ये झाली. धरणांचे सांडवे, नद्या आणि बंदरे यांच्या लहान प्रतिकृतींतून तेथे पाणी सोडून निरीक्षण केले जाते. मात्र, प्रतिकृती लहान केली, की रेनॉल्ड्स अंकही घटतो आणि बारीक भोवरे हुबेहूब उतरत नाहीत.

संगणकावरील सदृशीकरणाच्या मुख्य पद्धती तीन. पहिली, प्रत्येक लहानमोठा भोवरा थेट मोजण्याची. ती सर्वांत विश्वासार्ह, पण रेनॉल्ड्स अंक दुप्पट झाला, की आकडेमोड सुमारे आठपट होते. दुसऱ्या पद्धतीत मोठे भोवरे मोजले जातात आणि जाळीच्या घरापेक्षा लहान भोवऱ्यांचा परिणाम सूत्राने अंदाजला जातो. तिसऱ्या पद्धतीत केवळ सरासरी प्रवाह काढून सर्वच भोवऱ्यांचा परिणाम अंदाजाने धरला जातो. यंत्रे, भट्ट्या, पंप यांच्या आरेखनात ही तिसरी पद्धत सर्वाधिक रुळली आहे. तिन्ही पद्धतींत फरक एवढाच, की मोजमाप कोठे थांबते आणि अनुमान कोठे सुरू होते.

पुण्याच्या अभियंत्याचे ‘सिंपल’

समीकरणे प्रत्यक्ष सोडविण्याच्या कामी एका मराठी संशोधकाचे नाव जगभर घेतले जाते. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ मध्ये पुण्यात झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवी, आयआयटी मुंबईतून १९६४ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९६७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास झाला. ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये मांडलेली गणनपद्धती इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सिंपल’ या नावाने प्रसिद्ध आहे.

तिची कल्पना सुबोध आहे. दाबाचे स्वतंत्र समीकरण हाती नसते; म्हणून आधी दाब अंदाजाने धरायचा, त्यावरून वेग काढायचा आणि प्रत्येक घरात जेवढे द्रव्य येते तेवढेच बाहेर पडते का, हे तपासायचे. हिशेब जुळत नसेल तर दाब दुरुस्त करायचा आणि जुळेपर्यंत हेच पुन्हा करायचे. पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्या १९८० च्या पाठ्यपुस्तकावर अभियंत्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या. ‘सिंपल’ आणि तिचे सुधारित अवतार आजही प्रवाहगणिताच्या संगणक-प्रणालींत वापरात आहेत. भोवऱ्यांचे अनुमान कसे करायचे, हा प्रश्न मात्र या पद्धतीच्या कक्षेबाहेरचा आहे.

ढगातील मिलिमीटर

दिंद्रुडच्या पावसाचा संबंध येथे येतो. ढगातील थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतात. एक पावसाचा थेंब होण्यासाठी असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. केवळ बाष्प साचून ही वाढ लवकर होत नाही. थेंबांनी परस्परांवर आदळावे लागते, आणि हे आदळणे ढगातील प्रक्षोभामुळे वाढते. एक किलोमीटर लांबी-रुंदी-उंचीचा ढग मिलिमीटरच्या जाळीत बसवायचा, तर घरांची संख्या एकावर अठरा शून्ये एवढी होते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अर्क’ महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडींची आहे. तरीही असा एक ढग क्षणाक्षणाने थेट मोजणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. याच संस्थेत विकसित झालेल्या आणि मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ या प्रणालीने जाळीचे घर १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणले. ही प्रगती मोठी आहे. तरी एका घरात सुमारे ३,६०० हेक्टर जमीन येते. त्या घरातील कोणत्या बांधावर सर पडेल, हे प्रणाली मोजत नाही; घराच्या आतील घडामोडींचा परिणाम ती अनुमानाने धरते.

कृत्रिम पावसाची बाजूही अशीच आहे. याच संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात विमानाने ढगांत बीजारोपण केले. काही ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. परंतु त्यासाठी योग्य ढग आधी हेरावे लागतात.

म्हणून अंदाज वाचताना शेतकऱ्याने आणि शहरी वाचकानेही एक भेद ध्यानात ठेवावा. ‘परिसरात पाऊस’ हे विधान मोजमापाच्या जवळ जाणारे असते. ‘माझ्या शेतात पाऊस’ हे अजून अनुमानच असते. जाळी बारीक होईल तशी या दोहोंतील दरी कमी होईल. तोवर अंदाज चुकला की वेधशाळेला बोल लावण्यापूर्वी, मिलिमीटरभर भोवऱ्यांचे हे गणित अजून सुटलेले नाही, याचे स्मरण ठेवलेले बरे.