मोटारीची चंदी

घोडा विकत घेणें सोपें, त्याची चंदी चालविणें कठीण, हा व्यवहार टांग्याच्या काळांत घरोघर ठाऊक होता. खरेदीची रक्कम एकदांच मोजावी लागे. परंतु चंदी, मोतद्दार, नाल आणि तबेला यांचा खर्च रोज सूर्य उगवतांच दाराशीं येऊन उभा राही. पुढें मोटार आली आणि घोडा गेला. पण चंदी गेली नाहीं. तिनें केवळ रूप पालटलें. पेट्रोल, टायर, सुटे भाग आणि मिस्त्रीची मजुरी ही तिचीं नवीं नांवें. पहिली मोटार घेऊं पाहणाऱ्या गृहस्थापुढें तेव्हांपासून एकच प्रश्न उभा आहे: दारांत शोभेल ती गाडी घ्यावी, कीं संसाराला पेलेल ती? या प्रश्नाच्या इतिहासांत सोलापूरचा संबंध फार निकटचा आहे. कारण हिंदुस्थानांत मोटारी तयार करण्याचा ध्यास घेतलेले एक प्रमुख पुरुष याच शहरांत जन्मले आणि त्यांनाहि अखेर हाच हिशेब चुकला नाहीं.

सोलापूर हें गिरण्यांचें आणि व्यापाराचें शहर. ज्याला ‘जुनी गिरणी’ म्हणत, ती येथें एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत उभी राहिली आणि तिच्या मागोमाग इतर गिरण्या आल्या. आगगाडीनें मुंबई-पुणें जोडलेलें होतें. परंतु पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, विजापूर हीं यात्रेचीं व व्यापाराचीं ठिकाणें चहूंदिशांना पसरलेलीं. उन्हाळा कडक, रस्ते धुळीचे, मुक्काम लांबचे. अशा मुलखांत मोटार ही नुसती मिरविण्याची वस्तु नव्हती. ती उपयोगाची होती. आणि वस्तु उपयोगाची ठरली, म्हणजे ती रोज वापरली जाते. रोज वापरली गेली, म्हणजे तिची चंदीहि रोजच लागते.

दोन महायुद्धांच्या दरम्यान या देशांत आलेल्या गाड्या मुख्यतः दोन कुळांच्या होत्या, आणि त्या कुळांचा स्वभाव त्यांच्या मायदेशांतील परिस्थितीनें घडविला होता. अमेरिकेंत पेट्रोल स्वस्त, अंतरें मोठीं. म्हणून तेथील गाडी ऐसपैस आणि दांडग्या इंजिनाची. इंग्लंडांत १९२१ पासून इंजिनाच्या अश्वशक्तीवर कर बसला. दर अश्वशक्तीस एक पौंड. ही अश्वशक्ति सिलिंडरांची संख्या व त्यांचा व्यास यांवरून मोजली जाई; म्हणून तेथील कारखानदारांनीं लहान इंजिनें केलीं. १९२२ ची ‘ऑस्टिन सेव्हन’ ही त्याच हिशेबाची संतति.

डौल आणि काटकसर यांचा झगडा अमेरिकेंतहि झालाच. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ १९०८ सालीं ८५० डॉलरांना निघाली आणि पुढील पंधरा-सोळा वर्षांत तिची किंमत तीनशे डॉलरांच्या आंत आली. स्वस्त, टिकाऊ, कोणत्याहि खेड्यांत दुरुस्त होणारी; पण बरींच वर्षें रंग एकच, काळा. जनरल मोटर्स कंपनीनें याच्या उलट वाट धरली. दरवर्षीं नवें रूप, नवे रंग, ऐपतीप्रमाणें नवी पायरी. १९२७ सालीं या कंपनीनें गाडीचें रूप व रंग ठरविणारें स्वतंत्र खातेंच उघडलें. आणि त्याच वर्षीं दीड कोटी गाड्यांनंतर ‘मॉडेल टी’ बंद पडली. गिऱ्हाईक केवळ चंदीचा हिशेब करून समाधानी राहात नाहीं, हा धडा तेव्हां जगाला मिळाला. पुढील वर्षीं, म्हणजे १९२८ सालीं, या कंपनीनें मुंबईंत गाड्या जुळविण्याचा कारखाना सुरू केला.

मग आलें दुसरें महायुद्ध. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलचें नियंत्रण सुरू झालें. मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें आणि ब्रह्मदेशाचें तेल तुटलें. ज्यांनीं हौसेनें थोरल्या गाड्या घेतल्या होत्या, त्यांना आपण दारांत हत्ती बांधला आहे हें तेव्हां कळलें. कित्येकांच्या गाड्या ठोकळ्यांवर चढल्या. कित्येक गाड्यांना मागें कोळशाच्या वायूची भट्टी लावून त्या कशाबशा चालल्या. मोटारीची किंमत दुकानदार सांगतो, पण तिची चंदी दूरदेशची लढाईहि ठरवूं शकते, हें मध्यमवर्गास त्या काळानें शिकविलें.

याच काळांत वालचंद हिराचंद यांचा मोटारीचा उद्योग आकार घेत होता. २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरांत जन्मलेल्या या व्यापारीपुत्रानें घरचा पिढीजात धंदा सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारींत रेल्वेचीं कंत्राटें घेतलीं. आरंभीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेचें काम होतें. पुढें १९१९ मध्यें सिंधिया जहाज कंपनी, १९४० मध्यें बंगलोरास विमानांचा कारखाना, १९४१ मध्यें विशाखापट्टणास जहाजबांधणीचें आवार, अशी ही झेप वाढत गेली. मोटारींच्या कारखान्याची कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं त्यापूर्वींच मांडली होती. मुंबईच्या लोकनियुक्त सरकारनें तिला अनुकूलता दाखविली, परंतु दिल्लीच्या परकी सरकारचा पाठिंबा मिळाला नाहीं. वालचंदांनीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं करार केला, १९४४ सालीं ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन झाली, आणि १९४७ सालीं, स्वातंत्र्याच्या वर्षींच, कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडल्या.

त्या गाड्या होत्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ. नांवें तीन, पण अंतरंग बहुतांशी एकच; पुढची जाळी, कडेची चकाकी आणि नांवाचा मान यांतच काय तो भेद. सहा सिलिंडरांचें, सुमारें साडेतीन लिटरांचें इंजिन. गाडी भक्कम, प्रशस्त, रुबाबदार. वकील, डॉक्टर वा व्यापारी तिच्यांतून उतरला म्हणजे चार माणसें वळून पाहात. प्रश्न होता तो चंदीचा.

तो हिशेब सोलापूरच्याच रस्त्यावर मांडून पाहतां येतो. सोलापूरहून पुणें सुमारें १५५ मैल. गॅलनामागें १५ मैल जाणारी थोरली गाडी या एका खेपेस १० गॅलनांहून अधिक पेट्रोल घेई. गॅलनामागें ४० मैल जाणारी लहान गाडी ४ गॅलनांच्या आंत पोहोंचे. पंढरपूर ४५ मैल. तेथें तीन गॅलनांच्या जागीं एकाहून थोडें अधिक. ही तफावत एका यात्रेपुरती क्षुल्लक वाटते. पण महिन्याच्या वहींत ती मुलांच्या शिक्षणाशेजारीं लिहावी लागे. शिवाय जड गाडीचे टायर मोठे, आणि तिचे परदेशी सुटे भाग डॉलरांत येत. सप्टेंबर १९४९ मध्यें पौंडाबरोबर रुपयाचेंहि अवमूल्यन झालें. जो डॉलर सुमारें ३ रुपये ५ आण्यांना मिळे, त्यास सुमारें पावणेपांच रुपये पडूं लागले. अमेरिकन गाडीची चंदी रातोरात महागली.

प्रीमियर कंपनीनें १९५१ सालीं इटलीच्या फियाटची लहान गाडी, ‘५००’, जुळविण्यास आरंभ केला. इंजिन ५६९ घनसेंटिमीटर, म्हणजे प्लिमथच्या सहाव्या हिश्श्याएवढें; वजन तिच्या निम्म्याहूनहि कमी. चंदी अगदीं पांखराची! परंतु ही गाडी मुख्यतः दोघांची. आजी, आई-वडील, तीन मुलें आणि प्रवासाची वळकटी असें ज्या घराचें बिऱ्हाड, त्याला ती कशी पुरावी? अतिकाटकसरहि कधीं कधीं महागच पडते. कारण एका खेपेचें काम दोन खेपांत करावें लागतें.

मध्यम मार्ग १९५४ सालीं सांपडला. फियाट ‘११००’ ही १,०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची, चार दारांची गाडी. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर असल्यामुळें पुढच्या बाकावर तिसरें माणूस बसूं शके. तिच्या गोल नाकाडामुळें लोकांनीं तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलें. थट्टा होती, पण घरच्या माणसाची करावी तशी. ही गाडी पाहण्यास वालचंद मात्र राहिले नव्हते. १९४९ सालीं त्यांना पक्षाघात झाला आणि ८ एप्रिल १९५३ रोजीं सिद्धपूर येथें त्यांचें निधन झालें. थोरल्या अमेरिकन गाड्यांनीं सुरू झालेलें त्यांचें स्वप्न मध्यमवर्गाच्या दारापर्यंत पोहोंचलें तें असें लहान होऊन.

या यशालाहि एक किंमत होती. १९४९ मध्यें तयार गाड्यांची आयात बंद झाली; १९५३ च्या जकात-आयोगाच्या शिफारशींनंतर, केवळ भाग जुळविणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्यांनीं आपलें काम आवरलें. खासगी गृहस्थापुढें ॲम्बॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड एवढींच काय तीं नांवें उरलीं. गाडीसाठीं वर्षानुवर्षें नांव नोंदवून बसावें लागे, आणि रूप तर जवळजवळ गोठलेंच. उलटपक्षीं, गाडी एकच असल्यामुळें गांवोगांवच्या मिस्त्रीला तिची नाडी ठाऊक झाली आणि भाग कोठेंहि मिळूं लागले. निवड गेली, पण चंदी आटोक्यांत आली. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति आली तेव्हां हें गणित पुन्हा नव्यानें मांडलें गेलें.

फियाटचीच पुढची वंशज ‘पद्मिनी’. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ती दशकानुदशकें राबली. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून निवृत्त झाली. टॅक्सीवाल्याइतका चंदीचा कठोर हिशेब दुसरा कोणी करीत नाहीं. त्यानें जी गाडी इतकी वर्षें जवळ ठेवली, तिला याहून मोठी शिफारस ती कोणती? आणि तरीहि ती दिसेनाशी होतांच लोकांनीं हळहळून आठवण काढली ती तिच्या मैलांची नव्हे, तर तिच्या रूपाची. घेतांना ज्याचा विचार मागें सारावा लागतो, तेंच पुढें स्मरणांत राहतें. म्हणून शहाणा गृहस्थ पहिली गाडी घेतांना डौलाला घराबाहेर काढीत नाहीं. तो फक्त चंदीला आधीं बोलूं देतो.