आठ लाखांच्या आतली रायफल

जुनी लष्करी रायफल हाती आली की जाणकार आधी ती रिकामी आहे ना ते बघतो. मग नळीतला गंज, बोल्टला गेलेला तडा, बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा गेज घालून. हे सगळं ठीक निघालं तरी अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलीत एक काम उरतं. रिसीव्हरवरचा नंबर वाचणं.

रिसीव्हर म्हणजे नळीमागचा भाग. बोल्ट त्यातच अडकतो आणि बार उडाला की सगळा दाब तिथेच येतो. त्याचं पोलाद किती तापलं हे स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातले कारागीर रंगावरून ठरवत. मुरलेले लोक, नजर पक्की. १९१७ मध्ये, ऐन महायुद्धात, रिसीव्हर फुटायला लागले. चौकशीत भट्टीला पायरोमीटर लावला, तेव्हा कळलं की ढगाळ दिवशी जी उष्णता त्यांना 'बरोबर' वाटायची, तिच्यापेक्षा लख्ख उन्हात ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त लागायची. उजेडात लाली फिकी दिसते, एवढंच! जास्त तापलेलं पोलाद ठिसूळ होतं, आणि पुन्हा तापवून ते सुधारत नाही.

बरं, प्रत्येक रायफल जादा दाबाच्या काडतुसाने तपासलेली होती. ठिसूळ रिसीव्हर तीही पास व्हायचा. पण एखाद्या काडतुसाचं पितळ मागून फाटलं की काचेसारखे तुकडे. लष्करी अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी १९२९ पर्यंतच्या अशा ६८ घटना नोंदवल्या.

१९१८ मध्ये पद्धत बदलली. आधीच्या दहा लाखांवर रायफलींचं काय? त्या मोडीत काढा, अशी शिफारस झाली. वरून हुकूम आला तो वेगळा : कोठारातल्या युद्धासाठी राखून ठेवा, सैनिकांकडच्या परत मागवू नका, दुरुस्तीला येतील तशा बदला. खर्चाचा हिशेब मला समजतो. पण ज्याच्या गालाला ती रायफल टेकते, त्याला त्यात कुणी विचारलं होतं? १९४२ मध्ये ग्वाडालकॅनालवर मरीन सैनिक उतरले, तेव्हाही त्यांच्यातल्या काहींच्या हातात याच जुन्या नंबरांच्या रायफली होत्या.

आज अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली विकणारी सीएमपी संस्था स्पष्ट सांगते : स्प्रिंगफील्डची ८,००,००० च्या आतली, रॉक आयलंडची २,८५,५०७ च्या आतली रायफल झाडू नका.